चाळ पाडताना गाणे कुठे ठेवणार? मेम्फिसची संग्रहालये आणि आपली भीमगीते

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. याचा आनंदच आहे. चाळसंस्कृतीच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी सामाईक संडासासमोरची सकाळची रांग आधी आठवावी. पुनर्विकास व्हायला हवा होता आणि तो उशिराच झाला. प्रश्न वेगळा आहे. चाळ पडली की तिच्याबरोबर आणखी काय पडते, आणि ते उचलून ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ होत्या. गिरणीत, गोदीत, पालिकेच्या सफाई खात्यात कामाला लागलेली आपली कितीतरी माणसे कोकण-देशावरची गावे सोडून इथे येऊन टेकली. लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म नायगावचा, १९३१ चा. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल पेटली ती याच चाळींत, आणि त्या दिवसांतल्या पँथरच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. १४ एप्रिलला याच चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत मंडप पडायचा, गायन पार्टी यायची, रात्रभर कव्वालीचा दुरंगी सामना रंगायचा. पाचवी-सातवी शिकलेल्या कामगाराला गोलमेज परिषद, पुणे करार आणि २२ प्रतिज्ञा माहीत झाल्या त्या पुस्तकातून कमी आणि या मंडपातून जास्त.

एक चाळ संग्रहालय म्हणून राखावी अशी चर्चा झालेली आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या संग्रहालयात काय असेल, हे आजच विचारले पाहिजे. एक खाट, एक स्टोव्ह, एक पत्र्याची ट्रंक, भिंतीवर गिरणीच्या भोंग्याचे चित्र आणि कोपऱ्यात सेल्फीसाठी चौकट, एवढ्यावर ते आटोपू शकते. त्यात गाणे असेल का?

हा प्रश्न एकट्या वरळीचा नाही. ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात जिथे दहा जण मारले गेले, त्या घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकासही आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. त्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' केला नसता तर आजच्या विशीतल्या कार्यकर्त्याला त्यांचा आवाज तरी ऐकायला मिळाला असता का, याची मला शंका आहे. एका शाहिराचा आवाज टिकण्यासाठी एका चित्रपटकाराची चौदा वर्षांची जिद्द लागावी, ही काही व्यवस्था नव्हे.

आणि तिसरी जागा माझ्या कामाची. मी डहाणू तालुक्यात वरोर आणि आसपासच्या गावांत काम करते. इथून जवळच समुद्रात भराव टाकून वाढवण बंदर होते आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी पालघरमध्ये त्याची पायाभरणी केली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, समुद्रातला भराव १,४४८ हेक्टर. बंदराला मुंबई-दिल्ली द्रुतगती मार्गाशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता वरोरपासून तव्याकडे जाणार आहे. मच्छीमारांचा विरोध आहे, न्यायालयात लढाई आहे, त्याबद्दल या संकेतस्थळाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मांगेला, माच्छी, वारली, आणि थोडीफार बौद्ध घरे, असा हा किनारा. बोट, वाडी आणि डायमेकिंगची छोटी यंत्रे यांवर चालणारा. पुढच्या दहा वर्षांत इथली वस्ती, बोली, लग्ने, कामे सगळे बदलणार. गाणी तर आधी जातील, कारण त्यांची नोंद सातबाऱ्यावर नसते.

अशा वेळी जगात दुसऱ्या कोणावर हे येऊन गेले आहे का, ते पाहावेसे वाटते. येऊन गेले आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरावर.

मी तिथे गेलेली नाही. पण आपली मुले आता शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत जातात, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासमोर फोटो काढतात, १४ ऑक्टोबर २०२३ पासून मेरीलँडमधल्या पुतळ्यालाही भेट देतात. त्यांना माझे सांगणे असते की पुतळ्यांचे झाले, आता दोन दिवस काढून मेम्फिसला जा आणि तिथली संगीताची संग्रहालये आंबेडकरी डोळ्यांनी बघून या. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाशी आपले नाते सांगितले होते. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले. पण कृष्णवर्णीयांनी आपले गाणे कसे सांभाळले, कुठे गमावले, त्यातून पैसा कोणी केला, याचा अभ्यास आपण फारसा केला नाही.

मेम्फिस मिसिसिपी नदीवर आहे. दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांतून पळालेली, उठवलेली, पोटासाठी निघालेली कृष्णवर्णीय माणसे या शहरात येत. मळ्यातली हाक, तुरुंगातल्या सक्तमजुरीची लय, चर्चमधले भजन, हे सगळे मिळून जे गाणे झाले त्याला ब्लूज म्हणतात. त्याचा मेम्फिसमधला मुख्य रस्ता बील स्ट्रीट. १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध करणाऱ्या डब्ल्यू. सी. हँडी यांचे लाकडी घर आज त्या रस्त्यावर छोटे संग्रहालय म्हणून उभे आहे. शहरात ब्लूज हॉल ऑफ फेमचे संग्रहालय २०१५ पासून आहे, स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधनातून उभे राहिलेले रॉक अँड सोल संग्रहालय २००० पासून आहे, सन स्टुडिओ पाहायला मिळतो, आणि दक्षिण मेम्फिसमध्ये स्टॅक्स संग्रहालय आहे.

यातले सन स्टुडिओ आणि स्टॅक्स एकामागोमाग पाहावेत. सन स्टुडिओ १९५० साली सॅम फिलिप्स यांनी सुरू केला. बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ असे कृष्णवर्णीय गायक तिथे रेकॉर्ड झाले. पण पर्यटक तिथे गर्दी करतात ते एल्व्हिस प्रेस्लीसाठी. १९५४ साली एल्व्हिसने तिथे गायलेले जे पहिले गाजलेले गाणे, ते मुळात आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे. एल्व्हिस जगप्रसिद्ध झाला आणि क्रुडप रॉयल्टीसाठी मरेपर्यंत, म्हणजे १९७४ पर्यंत, झगडत राहिला. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात काय झाले ते गायन पार्टीतल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारा. एकरकमी थोडे पैसे हातावर ठेवायचे, कागदावर सही घ्यायची, आणि पुढे कॅसेट लाखात खपो की हजारात, कवीचा त्याच्याशी संबंध संपला. कित्येक कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव कुठेच नाही. वामनदादांची गाणी 'पारंपरिक' म्हणून खपवलेली मी स्वतः ऐकली आहेत. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी अक्षरओळख झालेला आणि हजारो गाणी लिहून २००४ साली गेलेला हा माणूस परंपरेत कधी जमा झाला?

स्टॅक्सची गोष्ट आपल्याला जास्त लागू आहे. एका जुन्या सिनेमागृहात १९६० साली हा स्टुडिओ आला. मालक भाऊ-बहीण गोरे, वस्ती कृष्णवर्णीय, आणि वादकांत दोन्ही रंगांची माणसे. शाळा, बस, हॉटेल सगळीकडे वंशभेद होता त्या शहरात हे एक दार उघडे होते. ओटिस रेडिंग, आयझॅक हेज अशी नावे तिथून निघाली. १९७५ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली. इमारत एका चर्चकडे गेली आणि १९८९ साली ती पाडून टाकली. जगभर ज्याच्या तबकड्या वाजत होत्या त्या जागी मोकळा भूखंड, गवत आणि एक फलक एवढेच उरले. चौदा वर्षांनी, २००३ साली, त्याच जागेवर जुन्या इमारतीची हुबेहूब दर्शनी बाजू बांधून संग्रहालय उघडले.

म्हणजे आधी पाडले आणि मग लाखो डॉलर खर्चून त्याची नक्कल उभारली. बीडीडीच्या बाबतीत आपण आज त्या १९८९ मध्ये उभे आहोत.

पण स्टॅक्सवाल्यांनी पुन्हा उभारताना एक शहाणपण केले, आणि मला त्यांच्याकडून घ्यायचे आहे ते हे. संग्रहालयाच्या आधीच, २००० साली, त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी संगीत शाळा सुरू केली. २००५ साली तिथेच नेहमीच्या विषयांची शाळाही आली. तिकीट काढून आलेला जर्मन किंवा जपानी पर्यटक आत आयझॅक हेजची सोनेरी सजावटीची कॅडिलॅक गाडी बघतो, आणि शेजारच्या इमारतीत त्या वस्तीतली मुले ट्रम्पेट शिकत असतात. संग्रहालयाची सुरुवातही विचार करण्यासारखी आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा मिसिसिपीतून उचलून आणलेले, १९०६ च्या सुमारास बांधलेले एक खरेखुरे लाकडी चर्च लागते. हे संगीत कुठून आले ते आधी सांगायचे आणि सोन्याच्या तबकड्या नंतर दाखवायच्या, असा तो क्रम.

आपल्या गाण्याचे संग्रहालय झाले तर त्याची सुरुवात कशाने होईल? माझ्या मते एका कंदिलाने. १९३१ साली भीमराव कर्डक यांच्या नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा गावोगाव निघाला तेव्हा काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. सत्यशोधक जलशाची परंपरा पुढे घेऊन, तमाशाचा ओळखीचा साचा वापरून आणि त्यातली देवस्तुती व शृंगार काढून टाकून, मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हे सांगणारी ही मंडळी पायी फिरत होती. कर्डकांनी त्याचा इतिहास 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात स्वतः लिहून ठेवला, म्हणून आपल्याला एवढे तरी माहीत आहे. त्या काळच्या जलशाची डफ-ढोलकी, पेटी, हाताने लिहिलेल्या वह्या किती घरांत अजून असतील? वही चुलीत गेली, पेटी भंगारात गेली. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांच्या घरात आजोबांची फुटकी पेटी कोण आणि किती वर्षे ठेवणार?

मेम्फिसमध्ये आणखी एक नाव शोधावे, फरी लुईस. ब्लूजचा हा मोठा गिटारवादक १९२० च्या दशकात तबकड्या काढून गेला आणि पुढे विस्मृतीत गेला. त्याने १९२२ ते १९६६ अशी चव्वेचाळीस वर्षे मेम्फिस नगरपालिकेत रस्ते झाडले. त्याचा एक पाय रेल्वे अपघातात गेलेला होता. ज्या बील स्ट्रीटचे नाव त्याच्या गाण्याने झाले त्या शहराच्या रस्त्यांवर तो झाडू घेऊन फिरत होता. तो निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, १ फेब्रुवारी १९६८ रोजी, याच पालिकेचे इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले. पावसात आडोशाला ते गाडीच्या मागच्या भागात बसले होते आणि यंत्र चालू झाले. त्यानंतर तेराशे सफाई कामगारांनी संप केला. 'मी माणूस आहे' एवढेच शब्द असलेले त्यांचे फलक जगभर गेले. त्या संपाला पाठिंबा द्यायला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिल १९६८ रोजी लॉरेन मोटेलच्या गॅलरीत त्यांचा खून झाला. गटारात उतरून मरणाऱ्या आपल्या माणसांच्या बातम्या वाचणाऱ्याला या प्रसंगावर वेगळे भाष्य लागत नाही.

लॉरेन मोटेल १९९१ पासून राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे. स्टॅक्सचे गायक-वादक याच मोटेलमध्ये उतरत, कारण कृष्णवर्णीयांना चांगली खोली मिळण्याची ती जागा होती. तिथल्या खोल्यांत बसून त्यांनी गाजलेली गाणी रचली. ब्लूज हॉल ऑफ फेम या मोटेलसमोरच आहे. म्हणजे गाण्याचा इतिहास आणि चळवळीचा इतिहास तिथे रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. आपल्याकडे मात्र गाणे म्हणजे सभा सुरू होण्याआधी गर्दी जमवायचे साधन. वक्ता आला की शाहिराला आवरते घ्यायला सांगतात. हे मी किती व्यासपीठांवर पाहिले आहे! विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. असा मृत्यू आलेल्या कलावंताचा डफ त्या भूमीवर काचेच्या पेटीत असावा, असे कोणाला वाटले का?

इथपर्यंत मेम्फिसचे कौतुक झाले. आता दुसरी बाजू. लॉरेन मोटेलमध्ये राहणाऱ्या जॅकलिन स्मिथ या कृष्णवर्णीय बाईंना १९८८ साली संग्रहालयासाठी बाहेर काढण्यात आले. त्या मोटेलच्या शेवटच्या रहिवासी. त्यांनी समोरच्या पदपथावर ठाण मांडले आणि अनेक दशके निदर्शने केली. त्यांचे म्हणणे साधे होते. किंगसाहेब गरिबांसाठी मेले, त्यांच्या नावाने गरिबाला बेघर करून कोट्यवधींचे संग्रहालय कशाला? त्या पैशात घरे बांधा, दवाखाना काढा. संग्रहालयात जाणाऱ्या हजारो लोकांना त्यांच्यासमोरून जावे लागे. मला वाटते, त्या संग्रहालयातली सर्वात महत्त्वाची वस्तू आत नव्हती, बाहेर पदपथावर बसलेली होती. बील स्ट्रीटचेही तसेच. साठ-सत्तरच्या दशकांत 'अर्बन रिन्यूअल'च्या नावाखाली भोवतालची कृष्णवर्णीय वस्ती पाडली गेली आणि १९८३ साली तोच रस्ता पर्यटकांसाठी निऑन दिव्यांत उघडला. लेखक जेम्स बाल्डविन १९६३ सालीच म्हणाले होते की या योजनांचा खरा अर्थ कृष्णवर्णीयांना हटवणे असा आहे. आपल्याकडच्या 'पुनर्विकास' या शब्दाकडे पाहताना हे लक्षात असू द्यावे.

आजचे मेम्फिसही बघा. ब्लूजची जाहिरात करणाऱ्या या शहरात इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने प्रचंड संगणक केंद्र उभारले आणि त्याला वीज द्यायला गॅस टर्बाइन लावली. धूर जातो तो दक्षिण मेम्फिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत. २०२५ साली एनएएसीपी या संघटनेने कंपनीला कायदेशीर नोटीस दिली. त्याच वर्षी २८ एप्रिलला, सफाई कामगारांच्या संपाचे केंद्र असलेले क्लेबोर्न टेंपल आगीत भस्मसात झाले. दुरुस्तीचे काम चालू असतानाच. तेव्हा संग्रहालये असली म्हणजे समाज सुरक्षित झाला असे समजू नये. डहाणूकरांना हे लवकर कळेल. १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, त्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला ना-हरकत दिली.

आता आपण काय करायचे? माझे मत असे की पहिली मागणी दादरच्या इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकाबाबत करावी. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झालेल्या या स्मारकाची चर्चा पुतळ्याच्या साडेतीनशे फूट उंचीभोवतीच फिरते. आराखड्यात वाचनालय, सभागृह, संशोधन केंद्र आहे. तिथे जलशापासून रॅपपर्यंतच्या आंबेडकरी गीतांचे ध्वनी-दालन आणि त्याला जोडून शाहिरी शिकवणारे वर्ग असावेत, असा ठराव प्रत्येक जयंती उत्सव समितीने करून सरकारला पाठवावा. जागा तर इतकी योग्य आहे की शोधून सापडणार नाही. मिसिसिपीत इंडियानोला इथे बी. बी. किंग यांचे संग्रहालय २००८ साली झाले ते ते स्वतः जिथे राबले त्या कापसाच्या जिनिंगच्या जुन्या इमारतीला जोडून. इंदू मिल ही कापडगिरणीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगारांचे गाणे नसेल तर कुठे असेल?

बीडीडीतल्या नियोजित संग्रहालयाबाबतही तेच. एक खोली गाण्याला द्या, आणि त्या खोलीत काय ठेवायचे हे चाळकऱ्यांनी ठरवू द्या.

सरकारी दालने व्हायला वेळ लागतो, हे इंदू मिलच्या कामाने आपल्याला शिकवलेच आहे. तोवर गोळा करणे आपल्या हातात आहे. यात आपल्याच मातीतला एक मोठा नमुना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह, आवाजासह येत आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. जलशाचा इतिहास पुरुषांचा लिहिला गेला. जात्यावर बाबासाहेबांना भाऊ, बाप म्हणणाऱ्या बाया त्यात नव्हत्या, त्या इथे सापडतात. ही नोंद करण्याची शिस्त आपण उचलावी.

कामाचे थोडे तपशील, कारण उत्साहात नुकसान होते. किनारपट्टीच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट लावून बघायचा मोह टाळा, फीत तुटते आणि यंत्रही बिघडते. कॅसेट उभ्या ठेवाव्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. मोबाइल स्पीकरजवळ धरून केलेले रेकॉर्डिंग हे जतन नव्हे. चांगल्या डेकमधून थेट संगणकावर घ्यावे, एमपीथ्री ऐवजी वेव्ह फाइल करावी आणि तीन प्रती तीन वेगळ्या जागी ठेवाव्यात. प्रत्येक गाण्यासोबत कवी, गायक, वादक, साल, गाव आणि कार्यक्रम लिहावा. माहीत नसेल तिथे 'पारंपरिक' असे लिहू नये, 'कवीचे नाव मिळाले नाही' असे लिहावे. गाणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. कायदाही थोडा समजून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवर २०६४ पर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला रॉयल्टीचा असा हक्क दिला आहे की तो सहजी लिहून घेता येत नाही. यूट्यूबवर जुनी भीमगीते टाकून पैसे मिळवणाऱ्या आपल्याच तरुणांनी कवीच्या वारसांना त्यातला वाटा द्यायला सुरुवात करावी. क्रुडपची गोष्ट सांगायची आणि आपण एल्व्हिसच्या कंपनीसारखे वागायचे, हे बरे दिसत नाही.

वरोर परिसरात आम्ही हे काम अगदी लहान पातळीवर करतो. मागच्या पावसाळ्याआधी एका घरातल्या माळ्यावरून कॅसेटची एक पिशवी निघाली. निम्म्या बुरशीने गेल्या होत्या, बाकीच्यांत या भागातल्या गायन पार्टीचे घरगुती रेकॉर्डिंग होते, मधे मधे कुत्रा भुंकतो, बाई चहा विचारते. मला ते स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा मोलाचे वाटते.

इथे एक मर्यादाही पाळतो. तारपा, घांगळी, लग्नात धवलेरी गाते ती गाणी हा वारली समाजाचा ठेवा. जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे, नव्वदी ओलांडलेले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, याचा सगळ्या जिल्ह्याला अभिमान आहे. पण तारपा कोणी वाजवायचा, कधी वाजवायचा, त्यातले काय रेकॉर्ड करायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. नवा भात आल्यावर वाजणारा तारपा हॉटेलच्या लॉनवर मे महिन्यात वाजवायला लावणारे कमी नाहीत. आपण यंत्र आणि शिकवणी द्यावी, गोळा त्यांच्या मुलामुलींनी करावे. कोळी-मांगेल्यांच्या गाण्यांचेही तेच.

बंदराच्या निमित्ताने सामाजिक दायित्वाचा निधी, कौशल्य केंद्रे, सुशोभीकरण अशा योजना येतील. त्यात उद्या 'सागरी संस्कृती दालन' म्हणून एखादी वातानुकूलित इमारत आली तर मला आश्चर्य वाटणार नाही. होडी भिंतीवर, होडीवाला सुरक्षा रक्षकाच्या कपड्यांत. त्या दालनाला आपल्या गाण्यांच्या फाइली द्यायच्या का, यावर आमच्यात मतभेद आहेत. काही तरुण म्हणतात, पैसा कुठूनही येवो, गाणे टिकले पाहिजे. ज्यांचा समुद्र जातो आहे त्यांचा प्रश्न सुटल्याशिवाय त्यांच्या गाण्याचे प्रदर्शन मांडू नये, असे माझे मत आहे, आणि जॅकलिन स्मिथ यांच्याबद्दल वाचल्यापासून ते पक्के झाले आहे. मूळ फाइली गावाकडे, समाजमंदिरात राहाव्यात. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कोणालाही प्रत देऊ नये.

येत्या भीमजयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक मंडळाने डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवले तर तेवढ्यात एक चांगला कॅसेट डेक, ध्वनी घेणारे छोटे यंत्र आणि दोन हार्ड डिस्क येतात. ज्या चाळी अजून उभ्या आहेत तिथल्या मंडळांनी हे आधी करावे. घर बदलताना लोक पहिल्यांदा माळाच रिकामा करतात.